दोन गोळ्या एकत्र चालतील का, हे तपासायचं कसं

बीपीची गोळी सकाळी, शुगरची जेवणाआधी, कोलेस्टेरॉलची रात्री. त्यात गुडघा दुखतो म्हणून हाडांच्या डॉक्टरांनी दिलेली आणखी एक. घरातल्या मोठ्या माणसांचा गोळ्यांचा डबा साधारण असाच भरलेला असतो. चिठ्ठ्या वेगवेगळ्या डॉक्टरांच्या असतात आणि प्रत्येकाने आपल्यापुढे आलेल्या दुखण्यापुरतं बरोबरच लिहिलेलं असतं. गडबड होते ती सगळ्या चिठ्ठ्या एकाच पोटात जातात तेव्हा. कोणतं औषध कोणाबरोबर चालतं हे ठरवणं डॉक्टरांचं आणि फार्मासिस्टचं काम आहे. पण त्यांच्यापुढे पूर्ण यादी ठेवणं आपलं काम, आणि बहुतेक वेळा चूक तिथूनच सुरू होते.

यादी ब्रँडची नको, घटकांची हवी

स्ट्रिप उलटी करून बघा. ब्रँडच्या नावाबरोबर बारीक अक्षरांत प्रत्येक गोळीत काय आणि किती मिलिग्रॅम आहे ते छापलेलं असतं. वहीत तेच उतरवायचं. 'डोलो ६५०' म्हणजे पॅरासिटामॉल ६५०. 'झिरोडॉल-पी' म्हणजे ॲसिक्लोफेनॅक १०० आणि पॅरासिटामॉल ३२५. 'कॉम्बिफ्लाम' म्हणजे आयबुप्रोफेन ४०० आणि पुन्हा पॅरासिटामॉल ३२५. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम असतंच.

आता ताप, सर्दी आणि अंगदुखी एकदम आली, असं धरून हिशेब करा. डोलो ६५० दिवसातून चारदा म्हणजे २६००. झिरोडॉल-पी दोनदा म्हणजे ६५०. सर्दीची गोळी तीनदा म्हणजे १५००. बेरीज ४७५० मिलिग्रॅम. धडधाकट मोठ्या माणसासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४००० आहे. वजन कमी असेल, लिव्हरचा त्रास असेल किंवा रोजचं पिणं असेल तर ती त्याहूनही खाली येते. इथे दोन औषधं एकमेकांशी भांडलेली नाहीत, एकच औषध तीन नावांनी पोटात गेलं आहे. म्हणून तपासणीतला पहिला प्रश्न हाच: तोच घटक दोनदा तर येत नाही ना?

सुट्या गोळ्या घेताना मेडिकलवाले स्ट्रिप कापून देतात, आणि नाव किंवा मुदत छापलेला तुकडा नेमका दुकानातच राहतो. पूर्ण स्ट्रिपचा मागच्या बाजूने फोटो काढून घ्या, त्यात घटकांची नावं वाचता आली पाहिजेत. १ ऑगस्ट २०२३ पासून देशातल्या ३०० प्रमुख ब्रँडच्या वेष्टनावर क्यूआर कोड किंवा बारकोड सक्तीचा आहे. तो मोबाइलने स्कॅन केला की घटकाचं नाव, बॅच नंबर आणि मुदत मिळते.

यादीतून काही गोष्टी हमखास सुटतात, कारण लोक त्यांना 'औषध' म्हणतच नाहीत. डोळ्यांत घालायचे थेंब, दम्याचा पंप, दुखण्यावर लावायचं मलम, आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी, गर्भनिरोधक गोळी, कॅल्शियम, लोह, ॲसिडिटीचं गुलाबी औषध, काढा, चूर्ण. काचबिंदूसाठी दिले जाणारे टिमोलॉलचे थेंबसुद्धा डोळ्यातून रक्तात उतरतात. दमा असलेल्याचा श्वास त्यांनी आवळू शकतो, आणि बीपी-हृदयासाठीच्या व्हेरापामिलसारख्या गोळीसोबत नाडी फार मंदावू शकते.

गेल्या काही आठवड्यांत बंद केलेली औषधंही लिहा. नैराश्यावरचं फ्लुओक्सेटिन बंद केल्यावर काही आठवडे शरीरात रेंगाळतं आणि हृदयाच्या ठोक्यांसाठीचं ॲमिओडॅरोन तर काही महिने. शिवाय चिठ्ठीवर काय लिहिलंय यापेक्षा प्रत्यक्षात काय घेतलं जातं ते लिहा. 'रात्रीची गोळी मी घेतच नाही' हे डॉक्टरांना कळलं नाही, तर त्यांचा पुढचा सगळा हिशेब चुकतो.

गडबड नेमकी कुठे होते

सगळ्यात सोपी जागा म्हणजे पोट आणि आतडं. थायरॉइडची थायरॉक्सिन गोळी कॅल्शियम किंवा लोहाबरोबर घेतली की त्यांना चिकटून बसते आणि रक्तात पुरेशी पोचतच नाही. मग रक्ततपासणीत टीएसएच (थायरॉइड कमी पडतंय हे सांगणारा आकडा) वाढलेला दिसतो आणि डोस विनाकारण वाढवला जातो. उपाय घड्याळाचा आहे: थायरॉक्सिन सकाळी उपाशीपोटी, कॅल्शियम-लोह किमान चार तासांनी. सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचंही तसंच. कॅल्शियम, लोह किंवा ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचं अँटासिड यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर ते घ्यायचं. नुसत्या दुधाच्या पेल्याबरोबरही ते घेऊ नये.

दुसरी जागा म्हणजे लिव्हर. औषधं मोडून बाहेर टाकण्यासाठी लिव्हरमध्ये एन्झाइम असतात. त्यातलं सीवायपी ३ए४ हे एकटंच पुष्कळ औषधांचा निकाल लावतं. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक किंवा बुरशीवरचं इट्राकोनॅझोल या एन्झाइमला अडवतं, आणि त्याच वाटेने जाणारं दुसरं औषध रक्तात साचत जातं. हे फार लवकर, एकदोन दिवसांतच होतं.

उलट परिणाम करणारं आपल्याकडचं सगळ्यात महत्त्वाचं औषध म्हणजे टीबीवरचं रिफाम्पिसिन. ते लिव्हरला जादा एन्झाइम तयार करायला लावतं, त्यामुळे बाकीची औषधं वेळेआधीच मोडली जातात. याचा पूर्ण जोर यायला साधारण दोन आठवडे लागतात, आणि रिफाम्पिसिन थांबवल्यावर तो ओसरायलाही तेवढेच. गर्भनिरोधक गोळ्या यात निकामी ठरतात. टीबीचा कोर्स चालू असताना आणि तो संपल्यावर चार आठवडे तांबी किंवा निरोधसारखा दुसरा उपाय हवा. एचआयव्हीवरचं डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम एरवी दिवसातून एकदा घेतात, ते रिफाम्पिसिनसोबत दोनदा द्यावं लागतं. रक्त पातळ करायच्या गोळीचा डोस टीबीच्या औषधांसोबत वाढवला असेल, तर टीबीचा कोर्स संपताना तो पुन्हा कमी करायचा असतो. हे शेवटचं फार वेळा राहून जातं. औषध सुरू होताना सगळे सावध असतात, बंद होताना कोणी विचारत नाही.

तिसरी जागा किडनी, ती पुढच्या उदाहरणात दिसेल. आणि चौथ्या प्रकारात रक्तातली पातळी बदलतच नाही, दोघांचा परिणाम एकमेकांत मिसळतो. झोपेची अल्प्राझोलाम आणि दारू, दोन्ही मेंदूला झोपवतात आणि श्वास मंदावतात. दुखण्यावरचं ट्रॅमाडॉल आणि नैराश्यावरचं एस्सिटालोप्राम, दोन्ही सेरोटोनिन वाढवतात. मग थरथर, घाम, ताप, गोंधळलेपण, कधी फिटसुद्धा येते.

एक डबा उघडून पाहू

समजा, ६८ वर्षांच्या आजी आहेत. सहा महिन्यांपूर्वी हृदयात स्टेंट बसवला आहे. रोजच्या गोळ्या पाच: तेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइडची बीपीची, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडची शुगरची, कोलेस्टेरॉलची ॲटोर्व्हास्टॅटिन ४० रात्री, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलची एकत्र कॅप्सूल, आणि ॲसिडिटीसाठी पॅन-डी. आता छातीत कफ झाला म्हणून क्लॅरिथ्रोमायसिन ५०० दिवसातून दोनदा सुरू झालं, आणि गुडघ्यासाठी ॲसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉल.

मोजायला गोळ्या सात, पण घटक बारा. बारा घटकांच्या जोड्या होतात ६६. सगळ्या तपासायची गरज नाही. जुन्या जोड्या आधी तपासलेल्या असतील तर नव्या तीन घटकांपैकी प्रत्येक जण जुन्या नऊंशी आणि आपसात कसा वागतो, एवढंच बघायचं. म्हणजे ३० जोड्या. त्यातल्या मोजक्याच महत्त्वाच्या निघतात.

क्लॅरिथ्रोमायसिन आणि ॲटोर्व्हास्टॅटिन. ॲटोर्व्हास्टॅटिन सीवायपी ३ए४ च्याच वाटेने जातं. पातळी वाढली की स्नायू दुखतात, आणि वाईट प्रसंगी स्नायूंच्या पेशी फुटून लघवी चहासारखी गडद होते आणि किडनी अडकते. या जोडीत ॲटोर्व्हास्टॅटिन दिवसाला २० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये असं सांगितलं जातं, आजींचा डोस ४० आहे. डॉक्टर कोर्सपुरतं ॲटोर्व्हास्टॅटिन थांबवतील किंवा वेगळं अँटिबायोटिक देतील. कोलेस्टेरॉलची गोळी सिम्व्हास्टॅटिन असती तर ही जोडी मुळीच चालली नसती.

क्लॅरिथ्रोमायसिन आणि पॅन-डीतला 'डी'. नुसत्या पॅन्टोप्राझोलची काही अडचण नव्हती, पण डी म्हणजे डोम्पेरिडोन. तेही त्याच एन्झाइमवर अवलंबून आहे, आणि दोघेही ईसीजीतला क्यूटी नावाचा कालावधी लांबवतात. तो फार लांबला की ठोके अचानक बेताल होतात. ज्यांना आधीच हृदयाचा आजार आहे त्यांना ही जोडी देऊच नये. आपल्याकडे ॲसिडिटीची 'साधी' गोळी म्हणून डोम्पेरिडोन असलेली कॅप्सूल वर्षानुवर्षं चालू राहते आणि यादीत लिहिलीही जात नाही. आमच्या मते ही एक गोष्ट प्रत्येक घराने आजच तपासावी.

क्लॅरिथ्रोमायसिन आणि ग्लिमेपिराइड. शुगर खाली घसरू शकते. कोर्स असेपर्यंत ग्लुकोमीटरवर शुगर जास्त वेळा तपासायची. घाम, थरथर, एकदम भूक किंवा बडबड सुरू झाली तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं.

आता गुडघ्याची गोळी, जिच्याबद्दल कोणालाच भीती वाटत नाही. ॲसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ही एकाच घराण्यातली. किडनीतल्या गाळणीत रक्त आत आणणारी बारीक नळी मोकळी राहावी म्हणून शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन वापरतं, या गोळ्या ते बंद करतात. गाळणीतून रक्त बाहेर नेणारी नळी तेल्मिसार्टनने सैल झालेली असते. आणि हायड्रोक्लोरोथायझाइडने अंगातलं पाणी आधीच कमी केलेलं असतं. आत येणारं रक्त कमी, बाहेर जाणारी वाट मोकळी, एकूण पाणीही कमी: गाळणीतला दाब पडतो आणि क्रिएटिनिन (किडनी कसं काम करते ते सांगणारा रक्तातला घटक) चढू लागतं. उन्हाळ्यात किंवा जुलाब-उलट्या चालू असताना हे काही दिवसांत होऊ शकतं. किडनी मंदावली की तिच्यावाटे बाहेर पडणारं मेटफॉर्मिनही साचतं. शिवाय ॲसिक्लोफेनॅक, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल हे तिघे मिळून पोटात रक्तस्राव घडवू शकतात. पॅन्टोप्राझोल पोटाला थोडं सांभाळतं, किडनीला नाही.

आजींसाठी नुसतं पॅरासिटामॉल आणि गुडघ्यावर मर्यादित जागेत लावायचं जेल हा बराच सुरक्षित मार्ग आहे, आणि डॉक्टरांना विचारलं तर बहुतेक वेळा तेच सुचवतात.

कंप्युटरवर तपासताना

इंटरनेटवर दोन औषधं तपासायची फुकट साधनं आहेत, ड्रग्ज डॉट कॉम आणि मेडस्केप ही त्यातली जास्त वापरातली. ही साधनं प्रामुख्याने अमेरिकेतल्या औषधांवर बेतलेली आहेत. भारतीय ब्रँडचं नाव टाकलं तर सापडणार नाही, किंवा तेच नाव तिकडे भलत्याच औषधाचं निघेल. घटकाचं नाव टाका, तेही तिकडच्या पद्धतीने. आपलं पॅरासिटामॉल तिथे ॲसिटामिनोफेन, साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल, ग्लिबेनक्लामाइड तिथे ग्लायब्युराइड, रिफाम्पिसिन तिथे रिफाम्पिन. ॲसिक्लोफेनॅक आणि निमेसुलाइड अमेरिकेत विकलीच जात नाहीत. यादीतलं एखादं औषध त्या साधनाला ओळखता आलं नाही तर ते गाळून बाकीच्यांचा निकाल मिळतो आणि वाटतं, सगळं ठीक आहे. म्हणून निकाल वाचण्याआधी वर किती औषधं धरली आहेत ते मोजा.

निकालात सौम्य, मध्यम, गंभीर अशा पायऱ्या असतात. लाल रंग बघून घाबरू नका, खालचा मजकूर वाचा. त्यात काय बिघडू शकतं, किती दिवसांत, आणि काय करायला सांगितलंय ते शोधा. करायच्या गोष्टी साधारण चारच असतात: वेळेत अंतर ठेवा, डोस कमी करा, रक्त तपासत राहा, किंवा ही जोडी टाळा. पहिल्या तिन्हींत दोन्ही औषधं चालू राहतात.

हे न समजल्यामुळे होणारी सगळ्यात धोक्याची चूक आजींच्याच यादीत आहे. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल टाका, रक्तस्रावाचा इशारा येईल. पण ती जोडी डॉक्टरांनी जाणूनबुजून दिली आहे. स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून दोन्ही हवीत, आणि इशारा बघून त्यातली एक परस्पर बंद केली तर हार्ट अटॅक येऊ शकतो. यादीत बीपीची, फिटची, स्टेरॉइडची, रक्त पातळ करायची गोळी असेल तर इशारा कितीही मोठा असो, आधी फोन, मग निर्णय.

काही औषधांच्या बाबतीत घरी तपासत बसूच नये. पुरेसा डोस आणि विषारी डोस यांत त्यांच्यात फार थोडं अंतर असतं: रक्त पातळ करणारी वॉरफेरिन आणि ॲसिट्रॉम, डिगॉक्सिन, लिथियम, फेनिटोइन, थिओफायलिन, मेथोट्रेक्सेट, किडनी बदललेल्यांचं टॅक्रोलिमस. झडपेसाठी किंवा ठोक्यांसाठी ॲसिट्रॉम घेणाऱ्याला जुलाबासाठी मेट्रोनिडॅझोल, बुरशीसाठी फ्लुकोनॅझोल किंवा लघवीच्या इन्फेक्शनसाठी को-ट्रायमॉक्साझोल दिलं, की काही दिवसांत आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा तपासणीचा आकडा) भराभर चढतो. बहुतेकांचं लक्ष्य दोन ते तीन असतं, काही कृत्रिम झडपांना थोडं जास्त. असं औषध टाळता येत नसेल तर सुरू केल्यावर तीन ते पाच दिवसांत आयएनआर तपासून घ्यायचा. हिरड्यांतून रक्त, काळी शी, विनाकारण काळेनिळे डाग दिसले तर त्याच दिवशी दवाखाना. संधिवातासाठी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याला को-ट्रायमॉक्साझोल दिलं तर हाडांच्या मगजातलं रक्त बनणंच थांबू शकतं. तोंडात छाले येणं ही त्याची सुरुवातीची खूण. लिथियम घेणाऱ्याने डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन स्वतःहून घेऊ नये. किडनी लिथियम बाहेर टाकायचं कमी करते आणि हात थरथरणं, जुलाब, तोल जाणं सुरू होतं.

ताटातलं आणि काढ्यातलं

ग्रेपफ्रूट औषधांची पातळी वाढवतं, हे १९८९ मध्ये लक्षात आलं. आपल्याकडे ते फळ फारसं नाही, पण कोकण-गोव्यातलं पपनस त्याच्या जवळच्या नात्यातलं, आणि सीवायपी ३ए४ अडवणारे तसेच पदार्थ त्यातही असतात. टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन किंवा सिम्व्हास्टॅटिन चालू असेल तर पपनस खाऊ नये. संत्री-मोसंबीची भीती नाही.

खोकल्यासाठी रोज ज्येष्ठमध चघळणं किंवा काढ्यातून घेणं लांबलं तर अंगातलं पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं. लघवी वाढवणारी गोळी सोबत असेल तर पोटॅशियम आणखी उतरतं, आणि डिगॉक्सिन असेल तर ठोके बिघडतात. याच्या नेमकं उलट, 'लो सोडियम' मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. तेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्याचं पोटॅशियम त्याने धोकादायक वाढू शकतं. ॲसिट्रॉमवर असलेल्यांनी पालक-मेथी सोडायची नाही, आठवड्याचं प्रमाण साधारण सारखं ठेवायचं. इसबगोल घ्यायचं तर बाकीच्या गोळ्यांपासून एकदोन तास दूर.

विचारायचं कसं, आणि घेऊन झालं असेल तर

'हे चालेल ना?' असं काउंटरवर विचारलं की 'हो, चालेल' असंच उत्तर मिळतं. दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट असतो, त्याला भेटा, यादी हातात द्या आणि विचारा: 'या यादीत ही गोळी नवीन आली आहे. यातल्या कशाशी हिचं जमत नाही? किती अंतर ठेवू? कुठली तपासणी कधी करू?' किडनीचं शेवटचं क्रिएटिनिन, वय, वजन, गरोदरपण किंवा स्तनपान हेही सांगा, कारण उत्तर त्यावर बदलतं. नवीन औषध आलं, जुनं बंद झालं, डोस बदलला किंवा दवाखान्यातून डिस्चार्ज मिळाला, की दरवेळी यादी नव्याने दाखवायची.

नको ती जोडी घेऊन झाली असेल तर घाईने उलटी काढू नका. काय, किती आणि किती वाजता घेतलं ते लिहा, पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना फोन करा. चक्कर, गुंगी, श्वासाला त्रास, छातीत धडधड, फिट, रक्ताची उलटी यातलं काही असेल तर १०८ ला फोन, आणि स्ट्रिपा सोबत न्या. त्रास ओसरल्यावर भारतीय औषध-दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या टोल फ्री नंबरवर त्याची नोंद रुग्णालाही करता येते.

एक जोडी मात्र लोक लाजेने लपवतात. लैंगिक ताठरतेसाठीची सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल घेतलेल्या माणसाच्या छातीत दुखू लागलं आणि जिभेखाली सॉर्बिट्रेट (नायट्रेट गटातली गोळी) ठेवली, तर बीपी इतकं कोसळू शकतं की जीव जातो. सिल्डेनाफिलनंतर २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट द्यायचं नसतं. घरच्यांना आणि शेजाऱ्यांना हे माहीत नसतं, ते जवळची सॉर्बिट्रेट घेऊन धावत येतात. म्हणून छातीत दुखायला लागल्यावर ॲम्ब्युलन्समधल्या डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच सांगायचं, कोणती गोळी घेतली आणि किती वाजता.